मॅरेथॉन किती वाजता सुटते?

डिसेंबर संपत आला की आमच्या रबाळ्याच्या एमआयडीसीत एक वेगळीच जमात दिसायला लागते. एरवी लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या मजल्यावर धापा टाकणारी मंडळी अचानक 'पेस' आणि 'कार्ब लोडिंग'वर बोलू लागतात. रविवारी पहाटे पाम बीच रोडवर धावून येतात आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये गुडघा चोळत बसतात. जानेवारीतल्या त्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते, आणि त्यानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाकी सगळं मस्त होतं रे, पण यंदा गरम फार होतं. अनएक्स्पेक्टेड!"

मला या 'अनएक्स्पेक्टेड'ची गंमत वाटते. कारण मॅरेथॉनचा सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला तर ऊन दर काही वर्षांनी असंच 'अचानक' येतं, लोक कोसळतात, आणि दर वेळी सगळे आश्चर्याने आकाशाकडे बघतात. खरं तर बघायला पाहिजे घड्याळाकडे. शर्यत किती वाजता सुरू करायची आणि वाटेत पाणी कुठे ठेवायचं हे ऊन ठरवत नाही. ते टेबलाभोवती बसलेली माणसं ठरवतात. आजचा विषय हाच.

पहिला किस्सा सेंट लुईसचा. १९०४ सालचं ऑलिंपिक, ३० ऑगस्ट, तापमान ३२ अंशांच्या आसपास, धुळीचा रस्ता. आणि शर्यत सुरू केली कधी? तर दुपारी तीन वाजता! २५ मैलांत पाणी फक्त दोन ठिकाणी. हा ढिसाळपणा नव्हता बरं का. मुख्य आयोजक जेम्स सलिव्हन यांना पाणी कमी दिल्यावर शरीराचं काय होतं ते बघायचं होतं. थोडक्यात, प्रॉडक्शनवर टेस्टिंग! ३२ जण धावले, १४ पोचले. विजेता थॉमस हिक्स वाटेत पाणी मागत होता. त्याच्या माणसांनी पाण्याऐवजी त्याला अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन (हो, तेच विष) पाजून ढकलत नेलं. वेळ ३ तास २८ मिनिटं ५३ सेकंद. ऑलिंपिकच्या इतिहासात मॅरेथॉन विजेत्याची याहून संथ वेळ नाही.

आठ वर्षांनी, १४ जुलै १९१२ ला, स्टॉकहोम. स्वीडनमध्ये कसलं आलंय ऊन, असं वाटतं ना? त्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण शर्यत पुन्हा भर दुपारी, पावणेदोनच्या सुमारास सुटली. त्या दिवशी तिथे कडक ऊन पडलं. निम्मे स्पर्धक अर्ध्यात थांबले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये शर्यतीपायी गेलेला हा पहिला खेळाडू.

त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी नावाचा तरुण होता. उन्हाने बेजार होऊन तो रस्त्याकडेच्या एका घरी शिरला, तिथे काहीतरी प्यायला, विश्रांती घेतली आणि कुणालाच न सांगता जपानला परत गेला. स्वीडिश कागदपत्रांत तो बरीच वर्षं 'बेपत्ता' होता. शेवटी १९६७ मध्ये त्याला सन्मानाने बोलावून उरलेली शर्यत पूर्ण करायला लावली. अधिकृत वेळ ५४ वर्षं ८ महिने ६ दिवस आणि वर काही तास! हा किस्सा बऱ्याच जणांनी वाचला असेल. पण कानाकुरीची गोष्ट एका मराठी मुलखातल्या माणसाला जाऊन भिडते, ते फारसं कुणी सांगत नाही.

त्या माणसाचं नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले, राहणार बेळगाव. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. तिथे खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची पोरं लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावली, तीही अनवाणी. त्यांच्या वेळा युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या आसपास जाताहेत हे टाटांच्या लक्षात आलं आणि भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवायची कल्पना निघाली. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावला. सोबत मराठी मुलखातलाच सदाशिव दातार होता, त्याला शर्यत पूर्ण करता आली नाही. ऑलिंपिकला संघ म्हणून गेलेली ही आपली पहिली मंडळी.

अँटवर्पला हवा कशी होती? थंड आणि पावसाळी! म्हणजे दख्खनच्या उन्हात तयार झालेल्या गड्याला नेमका उलटा धक्का. अंतरही नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर. चौगुलेने ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत कापलं आणि एकोणिसावा आला. आणि त्याच्या पुढे तीनच नंबर, म्हणजे सोळावा, कोण होता? कानाकुरी! आठ वर्षांपूर्वी उन्हाने ज्याला हरवलं तो, थंडीत बेळगावच्या माणसाच्या जेमतेम दोन मिनिटं पुढे.

या जोडगोळीवरून एक गोष्ट कळते. उन्हापेक्षा 'अनपेक्षित' हा शब्द जास्त घातक आहे. शरीराला उन्हाची सवय होते. रोज थोडं थोडं उन्हात धावलं तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातलं द्रव वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण ही सवय आयत्या वेळी डाउनलोड करता येत नाही.

आता जरा इंजिनिअरिंग. (कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा, परीक्षेत येणार नाही.) धावताना अंदाजे किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक किलोकॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला साधारण २९५० किलोकॅलरी. त्यातली जेमतेम पाव ऊर्जा पाय हलवायला जाते, बाकी सुमारे २२०० ची नुसती उष्णता होते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. सगळं घामावरच भागवायचं तर पावणेचार लिटर घाम वाळायला हवा. वाळायला! नुसता टपकून उपयोग नाही. आणि मुंबईच्या दमट हवेत तो टपकतोच. म्हणून नुसतं तापमान बघून काही कळत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकन मरीन सैनिक प्रशिक्षणात उन्हाने पडायला लागले तेव्हा एक वेगळा आकडा शोधला गेला. त्यात ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला २० टक्के, आणि आपण बातम्यांत ऐकतो त्या तापमानाला फक्त १० टक्के! आपला प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. शरीरही तेच करू बघतं. पण डोक्यात 'चार तासांच्या आत' बसलं असेल तर माणूस ती सूचना दाबून टाकतो, आणि मग थेट शटडाउन.

हे सगळं माहीत असूनही शिकागोत काय झालं बघा. ७ ऑक्टोबर २००७. ऑक्टोबरात तिथे गारवा असतो म्हणून तर तो महिना निवडलेला. त्या दिवशी पारा गेला ३१ अंशांवर. सुमारे ३६ हजार लोक धावायला उतरले. पहिल्या काही थांब्यांवरच पाणी कमी पडलं. साडेतीन तासांनी शर्यत थांबवावी लागली, आणि हेलिकॉप्टरमधून लोकांना 'आता चाला' म्हणून सांगावं लागलं. सुमारे २५ हजार जणच पोचले. एका धावपटूचा मृत्यू झाला, त्याचं कारण मात्र हृदयाचा आजार निघालं. त्यानंतर शिकागोत हिरवा, पिवळा, लाल, काळा अशा झेंड्यांची पद्धत आली, आणि शर्यतही पुढे आठऐवजी साडेसातला सुटू लागली. हा अर्धा तास फुकटात नाही मिळाला.

३१ अंश म्हणजे मुंबईत जानेवारीतली साधी दुपार, असं म्हणून हसू नका. आपण दिवसाचे दहा तास २३ अंशांच्या एसीत बसतो, घरी जाऊन पुन्हा एसी लावतो. पत्ता ऐरोली-रबाळ्याचा असला तरी शरीराने आपण शिकागोकरच! मुंबईत ऊन सहन करायची सवय आहे ती रस्ता खोदणाऱ्या आणि भाजीची गाडी लावणाऱ्या माणसाला.

मुंबईचं ऊन 'अचानक' येतं त्यालाही कारण आहे. हिवाळ्यात सकाळी वारे पूर्वेकडून, जमिनीवरून येतात. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटला की पारा आटोक्यात राहतो. पूर्वेचे वारे जोरात असले की समुद्राचा वारा उशिरा पोचतो, आणि तेवढ्या वेळात शहर तापतं. पहिली मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ ला झाली. दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रामाला २ तास १५ मिनिटं ४७ सेकंदांत जिंकला. हाच रामाला त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्क जिंकला तो २ तास ९ मिनिटं २८ सेकंदांत. सव्वासहा मिनिटांचा हा फरक सगळा हवेचा नव्हे, रस्ता आणि सोबतचे स्पर्धकही मोजावे लागतात. पण हवेचा वाटा नाही असं कोण म्हणेल? २००५ पासून ही शर्यत जानेवारीत आली, आणि आता हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन उजाडायच्या आत सुटते. यातली मेख अशी की पहिला येणारा दोन तास आठ-दहा मिनिटांत मोकळा होतो. पाच-सहा तास घेणारा तुमच्या-माझ्यासारखा माणूस भर उन्हात पेडर रोडचा चढ चढत असतो. उन्हाचं बिल नेहमी हळू माणसाच्या नावावर फाटतं.

तरी त्याला पेडर रोडवर पाणी, संत्री, बिस्किटं घेऊन उभे असलेले लोक भेटतात. सगळीकडे तेवढं नशीब नसतं. १४ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक. महिलांची मॅरेथॉन सकाळी साडेनऊला, उन्हात. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत त्यात धावली. त्याच फेब्रुवारीत गुवाहाटीला तिने २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत सुवर्ण घेतलं होतं. रिओत लागले २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद, क्रमांक १२०. तिच्यासोबतची ओ. पी. जैशा शर्यत संपवून कोसळली, सलाइनवर गेली. मग वाद सुरू झाला. भारताच्या टेबलावर पाणी घेऊन कुणी नव्हतं असं जैशा म्हणाली, तिने आणि प्रशिक्षकांनीच नको सांगितलं होतं असं महासंघ म्हणाला. खरं कोण यात मी पडत नाही. पण उन्हात ४२ किलोमीटर धावणाऱ्या बाईला पाणी हवं का, हा मुळात विचारून ठरवायचा प्रश्न असावा का?

पुढे घड्याळ आणखी मागे गेलं. २०१९ ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन चक्क रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुटली, तरी ६८ पैकी ४०च पोचल्या. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने शेकडो किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला हलवली, आणि २०२१ मध्ये तिथेही इतकं गरम झालं की महिलांची शर्यत आदल्या रात्री निर्णय घेऊन सातऐवजी सहाला आणली. मला हा निर्णय सगळ्यात आवडतो. टीव्हीचं वेळापत्रक, झोप, नाश्ता सगळं विस्कटलं असेल. पण कुणीतरी रात्री बसून तास बदलला.

कारण तास न बदलल्याचं उदाहरण लांब शोधायला नको. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच नवी मुंबईत, खारघरला, पुरस्काराचा कार्यक्रम उघड्या मैदानावर भर उन्हात दुपारपर्यंत चालला. लाखोंची गर्दी होती, डोक्यावर छप्पर नव्हतं. १४ माणसं गेली. त्यांच्यातलं कुणीही धावत नव्हतं, नुसती बसली होती. त्यानंतर सरकारने ठरवलं की उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर असे कार्यक्रम घ्यायचे नाहीत. सेंट लुईसनंतर ११९ वर्षांनी.

तेव्हा यंदा नाव नोंदवलं असेल तर जरूर धावा. शूजचे रिव्ह्यू वाचता तसं सुटायची वेळ आणि पाण्याचे थांबेही वाचा. आधीचे दोन आठवडे थोडं उन्हात पळा. सोबतचा कुणी बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला तर 'कम ऑन, कम ऑन' ओरडू नका. आधी त्याला थांबवा, पाणी ओता, बर्फ लावा, आणि दवाखान्याचं त्याच वेळी बघा. आणि उद्या तुमच्याच ऑफिसची 'फन रन' किंवा सोसायटीचा क्रीडादिन ठरवायला टेबलाभोवती बसलात, आणि कुणी म्हणालं की पाहुणे दहाला येणार, म्हणून पोरांना अकराला धावायला लावू, तर तिथे तोंड उघडा. पाहुण्यांना सहाला बोलवा. नाही आले तर त्यांच्याशिवाय सुरू करा.