नेक्सकार१९

नेक्सकार१९ (शास्त्रीय नाव: टॅलिकॅब्टाजीन ऑटोल्युसेल) ही भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती आहे. बी-पेशींपासून उद्भवणारे लिम्फोमा व तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हे रक्ताचे कर्करोग नेहमीच्या उपचारांना दाद देत नाहीत किंवा बरे होऊन पुन्हा उलटतात, तेव्हा तिचा वापर केला जातो. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी ती संयुक्तपणे विकसित केली. उत्पादन इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी करते.

कार्यपद्धती

टी-पेशी या शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेचा भाग आहेत. रुग्णाच्या रक्तातून त्या वेगळ्या काढून प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घातले जाते. त्यामुळे बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी१९ हे प्रथिन त्यांना ओळखता येते. पुरेशा संख्येने वाढवलेल्या या पेशी, अल्पकाळ रसायनोपचार दिल्यानंतर, शिरेवाटे त्याच रुग्णाला परत दिल्या जातात. सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असल्याने कर्करोगपेशींबरोबर त्याही नष्ट होतात.

चाचण्या

४ जून २०२१ रोजी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर (नवी मुंबई) येथील अ‍ॅक्ट्रेक या संस्थेत पहिल्या रुग्णाला हा उपचार देण्यात आला. पहिल्या टप्प्यात प्रामुख्याने सुरक्षितता, तर दुसऱ्या टप्प्यात परिणामकारकता तपासण्यात आली. दोन्ही टप्प्यांतील ६४ रुग्णांचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परिणामकारकतेचे मूल्यमापन करता आलेल्या ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचारास प्रतिसाद दिला.

येथे ‘प्रतिसाद’ म्हणजे रोग पूर्णतः वा अंशतः ओसरणे. कायमचे बरे होणे असा त्याचा अर्थ नाही. शिवाय या चाचणीत तुलनेसाठी दुसरा रुग्णगट नव्हता. त्यामुळे अन्य उपचारांपेक्षा ही पद्धती किती सरस आहे, हे या आकड्यावरून ठरवता येत नाही.

दुष्परिणाम

रक्तपेशींची संख्या घटणे हा प्रमुख दुष्परिणाम आढळला. प्रतिकारक पेशी एकाएकी सक्रिय झाल्याने तीव्र ताप येणे व रक्तदाब उतरणे, असा सायटोकाइन उद्रेकही काही रुग्णांत दिसला. गंभीर स्वरूपाच्या उद्रेकाचे प्रमाण कमी होते. मात्र उपचाराशी संबंधित दोन मृत्यूंची नोंद झाली. म्हणूनच हा उपचार सुसज्ज रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिला जातो.

मान्यता व महत्त्व

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामक संस्थेने या उपचारास मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मुंबईत त्याचे लोकार्पण केले. अमेरिकेत अशा पहिल्या उपचारास २०१७ मध्येच मान्यता मिळाली होती. परंतु तेथील कोट्यवधी रुपयांचा खर्च बहुतेक भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेरचा होता. देशातच पेशी तयार होऊ लागल्याने हा खर्च बराच कमी झाला, तरी तो अद्याप लाखो रुपयांच्या घरात आहे.