विळ्यापासून यंत्रापर्यंत

राजांच्या आणि सरदारांच्या तरवारी वस्तुसंग्रहालयांत कांचेच्या कपाटांत जपून ठेवलेल्या असतात. ज्या विळ्यांनीं त्यांच्या घोड्यांसाठीं गवत कापलें, त्या विळ्यांची बूज मात्र इतिहासानें क्वचितच राखली. वस्तुतः घोडदळ चालतें तें वैरणीवर, आणि वैरण मिळते ती विळ्याच्या धारेवर. ही धार कोण लावतो, बोथट झालेलें हत्यार कोणाच्या दारांत जातें, त्याचा मोबदला कोण व कसा देतो, हे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी समाजाच्या आर्थिक घडीचें दर्शन त्यांच्या उत्तरांतूनच घडतें. पेट्रोलवर चालणारें गवत कापण्याचें जें यंत्र आज ‘ब्रश कटर’ या नांवानें शहराशहरांतून दृष्टीस पडतें, त्याचा विचारहि याच अंगानें केला पाहिजे.

महाराष्ट्राच्या खेड्यांत लोहार हा बलुतेदारांपैकीं एक होता. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खुरपें, विळा यांची दुरुस्ती तो वर्षभर करी आणि सुगीच्या वेळीं खळ्यावरून आपल्या हक्काचें धान्य नेई. या व्यवस्थेंत जातिबंधनाचे व विषमतेचे मोठे दोष होते, आणि त्यांवर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. तथापि हत्यारांच्या निगेपुरतें तिचें एक तत्त्व लक्षांत घेण्याजोगें आहे. हत्यार मोडल्यावर धांवाधांव करावयाची, असा तेथें प्रकार नव्हता. तें चालू राहील याची जबाबदारी आधींच कोणावर तरी सोंपविलेली असे. लोहाराचा हितसंबंधहि हत्यार टिकण्यांतच होता. कारण तें वारंवार बिघडलें तर त्याचे श्रम वाढत, धान्य वाढत नसे.

यंत्रें आलीं तेव्हां या रचनेस धक्का बसला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला. लोखंडानें जमीन नासते, अशी त्या काळच्या अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळें पहिले नांगर खपावयास बराच अवधि लागला. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ सालीं पुण्यास तेल-इंजिनांची कंपनी स्थापन झाली. फाळ झिजला तर गांवचा लोहार तो शेवटूं शके. इंजिनाचा पिस्टन झिजला म्हणजे कारखान्याच्या तोंडाकडे पाहावें लागे. हत्यार आणि त्याचा वैद्य यांमधील अंतर अशा रीतीनें कोसांनीं वाढलें.

साष्टी बेटाच्या उत्तर टोंकास असलेला मिरा-भाईंदरचा मुलूख या स्थित्यंतराचा चांगला साक्षीदार आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्रकिनारा, पूर्वेस डोंगर व रान, आणि मध्यें भातशेतें व मिठागरें, असें त्याचें जुनें रूप होतें. १८६४ सालीं वसईच्या खाडीवरून आगगाडी मुंबईस जाऊं लागली. मुंबईस तेव्हां गवताची भूक मोठी होती. १८७४ सालीं तेथें ट्राम सुरू झाली ती घोड्यांच्या बळावर. शिवाय बग्ग्यांचे घोडे आणि दुभत्या जनावरांचे गोठे होतेच. ठाणें जिल्ह्यांतील गवत या भुकेसाठीं मुंबईकडे जात असे. १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली, पुढें मोटारी आल्या, आणि गवताची मागणी हळूहळू ओसरली. १९८५ सालीं मिरा-भाईंदरास नगरपरिषद व २००२ सालीं महानगरपालिका मिळाली. जें गवत एके काळीं विकावयाचें धन होतें, तें आतां इमारतींच्या आवारांत व रस्त्यांच्या कडेस पावसाळ्यांत माजणारी अडचण ठरलें. कापावयाचें कारण बदललें, म्हणजे कापण्याचें साधनहि बदलतें.

या साधनाची वंशावळ पाहिली तर ती मोठी गमतीची आहे. इंग्लंडांतील स्ट्राउड येथील एडविन बडिंग यानें १८३० सालीं हिरवळ कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरील लव छाटणाऱ्या गिरणीच्या यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. इंजिनाच्या बाजूस डुगाल्ड क्लार्क यानें १८८१ सालीं ‘टू-स्ट्रोक’ पद्धतीचें पेटंट मिळविलें, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आंत-बाहेर जोसेफ डे यानें झडपा काढून टाकून तें इंजिन अत्यंत साधें केलें. भाग थोडे, म्हणून वजन थोडें. आणि वजन थोडें, म्हणूनच तें पुढें माणसाच्या खांद्यावर चढूं शकलें. दुसऱ्या महायुद्धानंतर पडद्याच्या कार्बोरेटरचा प्रसार झाला, व इंजिन कसेंहि तिरपें धरलें तरी पेट्रोल पोंचूं लागलें. १९७१ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें जॉर्ज बॅलस या नृत्यशाळाचालकानें मोटार धुण्याच्या यंत्रांतील फिरते कुंचले पाहिले, आणि पात्याच्या जागीं भोंकें पाडलेला पत्र्याचा डबा व त्यांतून ओंवलेली नायलॉनची दोरी बसवून गवत कापून दाखविलें. नायलॉन स्वतः १९३५ सालच्या रसायनशाळेंतलें अपत्य होय. एवढ्या धाग्यांचा गोफ विणला गेला, तेव्हां आजचें यंत्र निर्माण झालें.

महाराष्ट्रास या इंजिनाचा परिचय मात्र गवताच्या निमित्तानें झालेला नाहीं. १९७२ सालीं बाजारांत आलेली पुण्याची बजाज चेतक स्कूटर याच टू-स्ट्रोक इंजिनावर चाले. पेट्रोलमध्यें तेल मिसळून घेणें, प्लग काढून पुसणें, सकाळीं गाडी एका अंगावर कलती करून मग किक मारणें, या क्रिया मध्यमवर्गीय कुटुंबांत जणूं नित्यकर्मांत मोडत. पुढें धुराचे नियम कडक झाले, चार टप्प्यांचीं इंजिनें आलीं आणि टू-स्ट्रोक स्कूटर रस्त्यावरून जवळजवळ लुप्त झाली. तिच्याबरोबर घरोघरचें ज्ञानहि गेलें. यंत्र खांद्यावर आलें खरें, परंतु त्याची प्रकृति ओळखणारे हात तोंवर विरळ झाले होते.

हें ज्ञान फारसें गहन नाहीं. इंजिन सुरू न झाल्यास ठिणगी, इंधन, हवा व दाब या क्रमानें चौकशी करावी. प्लग काढून पाहिला आणि तो कोरडा निघाला, तर पेट्रोल पोंचत नाहीं. टाकींतील गाळणी किंवा कार्बोरेटर तपासावा. तो ओला निघाला, तर पेट्रोल येतें पण पेटत नाहीं. प्लग पुसून, वाळवून ठिणगी पाहावी. हवेची गाळणी गवताच्या भुशानें चोंदली म्हणजे इंजिन धूर ओकतें व जोर टाकतें. थंड होण्यासाठीं ठेवलेल्या पंखांमध्यें गवत अडकलें, तर इंजिन तापून पिस्टन धरतो. दांड्याच्या टोंकाशीं असलेल्या दांतेचक्रांच्या पेटींत ग्रीस नसेल, तर तीं झिजून जातात. टू-स्ट्रोक इंजिनांत वंगणाचें तेल वेगळें नसतें, तें पेट्रोलमधूनच जातें. यंत्राच्या पुस्तिकेंत पन्नासास एक असें प्रमाण दिलें असेल, तर एका लिटरास २० मिलिलिटर. पंचवीसास एक असेल, तर ४०. हें माप चुकलें, आणि निव्वळ पेट्रोल गेलें, तर थोड्याच वेळांत इंजिन कायमचें निकामी होतें. चार टप्प्यांच्या इंजिनास उलट साधें पेट्रोल लागतें व तेल निराळें घालावें लागतें. म्हणून यंत्र कोणत्या जातीचें, हें आधीं पाहणें अवश्य.

यांत अलीकडे एक नवें संकट आलें आहे. भारतांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २०२२ सालीं १० टक्के व २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. खाडीकांठच्या दमट हवेंत महिनोन्‌महिने टाकींत राहिलेलें मिश्रण फुटूं शकतें. पाणी व इथेनॉल तळाशीं बसतें, आणि शोषणारी नळीहि तळाशींच असते. वंगणाचें तेल वर पेट्रोलबरोबर राहतें, व इंजिनाच्या वाट्यास तेलावांचूनचें पाणचट द्रव येतें. जुन्या घडणीच्या रबरी नळ्या व कार्बोरेटरचे पडदेहि त्यानें फुगतात वा कडक होतात. म्हणून हंगाम संपतांच टाकी रिकामी करून, उरलेलें पेट्रोल जळेपर्यंत इंजिन चालवून मगच तें ठेवावें.

निगेचा प्रश्न केवळ यंत्राच्या किंमतीचा नाहीं. १९१८ सालीं ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर विदुषीनें अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत दगड फोडणाऱ्या कामगारांचीं बोटें तपासलीं, तेव्हां हवेच्या हातोड्यांच्या कंपानें तीं पांढरीं पडून बधिर होतात असें आढळलें. गवत कापणाऱ्या यंत्राचा कंपहि त्याच जातीचा आहे. पातें वांकडें किंवा एका बाजूनें झिजलेलें असलें, रबरी आधार फाटलेले असले, म्हणजे हा कंप वाढतो आणि तो मजुराच्या मनगटांत उतरतो. पात्यावरील आवरण काढून टाकलें, तर उडालेला खडा त्याच्याच डोळ्यांत किंवा वाटेनें जाणाऱ्या मुलाच्या अंगावर जातो. यंत्राची मालकी गृहनिर्माण संस्थेची किंवा ठेकेदाराची. हात मात्र रोजंदारीवरच्या माणसाचे. दुरुस्ती लांबविल्यानें वांचणारे पैसे एकाच्या खिशांत राहतात, आणि त्यांचें व्याज दुसऱ्याचें शरीर भरतें.

लोहाराच्या बलुत्यांतील तत्त्व येथें पुन्हां आठवतें. जातीचें जोखड गेलें हें योग्यच झालें. त्या जोखडाबरोबर वार्षिक जबाबदारीची कल्पनाहि जावी, याची कांहीं आवश्यकता नव्हती. संस्थेनें यंत्राच्या दुरुस्तीसाठीं मोडतोड झाल्यावर नव्हे, तर वर्षाच्या आरंभीं कारागिराशीं करार करावा, आणि चालविणाऱ्या माणसास प्लग व गाळणी उघडण्याचें शिक्षण व मुभा द्यावी, एवढ्यानें पुष्कळ कार्य साधेल. खंडेनवमीस हत्यारांस हळदकुंकू लावण्याची चाल महाराष्ट्रांत अजून आहे. पावसाळा सरतो, गवत वाळूं लागतें, आणि यंत्र कोपऱ्यांत ठेवण्याची वेळहि नेमकी त्याच सुमारास येते. त्या दिवशीं फूल वाहण्यापूर्वीं टाकी रिकामी केली, पात्यावर तेलाचा हात फिरविला व फाटलेला पट्टा बदलला, तर ती पूजा हत्यारास आणि तें धरणाऱ्या हातास, दोघांसहि पावेल.