टूनगॅबी क्रीक
* मूळ पत्रात इथे ‘खाडी’ होते; आम्ही ‘ओढा’ केले. ठाण्याच्या खाडीची सवय असलेल्या माणसाकडून अशी चूक व्हायचीच, पण इथे भरती-ओहोटी नाही. ऑस्ट्रेलियात गोड्या पाण्याच्या साध्या ओढ्यालाही क्रीकच म्हणतात. सिडनीच्या पश्चिम उपनगरांतल्या घरांमागून वाहत हा ओढा वेस्टमीडजवळ डार्लिंग मिल्स ओढ्याला मिळतो. तिथून पुढे ती पॅरामाटा नदी. टूनगॅबी हे नाव मूलनिवासी दारुग लोकांकडून आलेले. १७९१ मध्ये कैद्यांना राबवून सरकारी शेती सुरू झाली, तीही याच ओढ्याकाठी. ती जागा आज ‘ओल्ड टूनगॅबी’च्या परिसरात येते. ते उपनगर वेगळे. पत्रातले रेल्वे स्टेशन मात्र नुसत्या टूनगॅबीत आहे. — संपादक