उद्याचा गुन्हा आज ओळखता येतो का?

नांदेड जिल्ह्यातील भोकर येथील एका दुहेरी खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फाशी रद्द करून जन्मठेप दिली. खून २०१७ चे. निकालात इतर गोष्टींबरोबर दोन अहवाल विचारात घेतले गेले : एक नांदेडच्या परिवीक्षा अधिकाऱ्याचा, दुसरा नाशिक रोड कारागृहाच्या अधीक्षकांचा. आरोपी चांगला वागतो, तो गुन्हेगारी वृत्तीचा नाही, असा त्यांचा आशय होता. आदल्याच वर्षी या न्यायालयाने म्हटले होते की, फाशीच्या खटल्यांत आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल खालच्या न्यायालयातच यावा.

डॉक्टरांना न्यायालयात बोलावणे नवे नाही. पण १८६० च्या दंडसंहितेत (कलम ८४) त्यांना विचारायचा प्रश्न मागचा होता : गुन्हा करताना आरोपीला आपण काय करतो आहोत हे कळत होते का? तेवढ्यावरही एकमत होतेच असे नाही. मुंबईच्या रमण राघवला १९६९ मध्ये पोलीस सर्जनने जवळजवळ महिनाभर निरीक्षणाखाली ठेवले आणि 'वेडा नाही' म्हटले. नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाने छिन्नमनस्कतेचे निदान केले. फाशी झाली. ती कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमायला लावले. पाच भेटी, प्रत्येक सुमारे दोन तासांची! मंडळाने तो मनोरुग्णच असल्याचे सांगितले. फाशी टळली, १९९५ मध्ये मरेपर्यंत राघव बंदिवासातच होता.

सुटकेच्या वेळचा प्रश्न पुढचा असतो. जन्मठेपेच्या कैद्याला सोडताना त्याच्या हातून पुन्हा गुन्हा घडण्याचा संभव आहे का ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले. हे पाहायचे कसे? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात शिक्षेची मुदत संपूनही 'धोकादायक' म्हणून तुरुंगखात्याच्या मनोरुग्णालयांत अडकलेल्या ९६७ जणांना १९६६ च्या एका निकालामुळे साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. पुढील चार वर्षांत त्यांतले अगदी थोडे परत बंदोबस्तात पाठवावे लागले.

यामागचे गणित आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल. समजा, १००० कैद्यांपैकी ५० जण खरोखर पुन्हा हिंसा करणार आहेत आणि आपली तपासणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. (एवढी अचूकता मिळाली तर तज्ज्ञ खूषच होतील.) त्या ५० पैकी ४० सापडतील. उरलेल्या ९५० पैकी १९० जणांवरही 'धोकादायक' असा शिक्का बसेल. म्हणजे अडकवलेल्या २३० पैकी १९० निरुपद्रवी. आणि खरे धोक्याचे १० जण चांगला शेरा घेऊन दारातून बाहेर पडतील.