कायदा आणि उंबरठा

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. पुढच्याच फेब्रुवारींत कलकत्त्यास साथींच्या रोगांचा अवघ्या चार कलमांचा कायदा झाला. त्याचा अंमल लोकांनीं पाहिला तो कल्याणच्या स्थानकावर. तेथें उतारूंची तपासणी होई व संशयितांस अडकवून ठेवीत. अधिकार होता, पण विश्वास नव्हता. म्हणून मुंबई-पुण्याकडे लोक रोगी दडवूं लागले आणि साथीस वाट मिळाली.

२०२० सालीं कोरोनांत हाच कायदा पुन्हां लागू झाला. सप्टेंबरांत ‘माझें कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेंत कर्मचारी दारोदार जाऊन ताप व प्राणवायु मोजूं लागले. ठाणें, कल्याण-डोंबिवलीसारख्या दाट वस्तींत धोरणाची खरी कसोटी तेथेंच, उंबरठ्यावर होते. दार आंतून उघडलें, तरच कलमाचें औषध होतें.