पंजा हातात येण्याचा इतिहास

मी रायपूरहून बोलतोय. इथल्या पावसाळ्यात कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडतात. त्यांच्यामुळे येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. पण गोचीड काढायचे, तर कुत्र्यानं पंजा हातात द्यायला हवा ना! चौघांनी दाबून धरलं की एकदा जमतं. पुढच्या वेळी तो चिमटा पाहूनच गुरगुरतो.

हा प्रश्न पावलोव्हलाही पडला होता. त्याच्या प्रयोगशाळेत कुत्र्याला पट्ट्यांनी बांधून चौकटीत उभं करत. बहुतेक कुत्रे सरावत, पण एक काही केल्या सरावेना. सुटण्यासाठी त्याची सारखी धडपड चाले. पावलोव्ह आणि त्याचा सहकारी गुबेरग्रिट्स यांनी १९१७ मध्ये ही हकीगत मांडली आणि त्या धडपडीला 'स्वातंत्र्याची प्रतिक्रिया' म्हटलं. त्यांनी उपाय असा केला की, त्या कुत्र्याला जेवण फक्त चौकटीतच द्यायचं. आधी तो नीट खाईना, वाळला. मग हळूहळू खाऊ लागला आणि शांत झाला. म्हणजे जमलं, पण उपासाच्या जोरावर.

दुसरी वाट अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेनं दाखवली. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि त्याला सोसेल तेवढाच जवळ आणायचा, असं तिनं केलं. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. हा प्रयोग १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

खाऊ दोन्हीकडे होता. मग फरक कुठे? अंतर कुणी ठरवलं, यात. चौकटीत ते माणसानं ठरवलं. पीटरच्या बाबतीत त्याच्या भीतीनं ठरवलं. माझ्या मते कुत्रा हाताळण्याचं सगळं शास्त्र या फरकात आहे.

घरी हेच करा. चिमटा लांबून दाखवा, लगेच खाऊ द्या. चिमटा लपला की खाऊ बंद. मग खांद्याला हात, मग पाय, मग क्षणभर पंजा. आधी स्पर्श, मग खाऊ. क्रम उलटला तर कुत्रा खाऊ पाहूनच सावध होतो. तो ओठ चाटू लागला, मान वळवली, अंग ताठ केलं, तर थांबा आणि एक पायरी मागे या. आज एकच नख कापलं तरी पुरे. कान दुखत असेल किंवा तो आधी चावला असेल, तर मात्र पहिल्यांदा पशुवैद्याकडे जा.

हे एका दिवसात होत नाही. म्हणून गोचीड दिसायची वाट न पाहता उन्हाळ्यातच, रोज दोन-तीन मिनिटं, सुरुवात करा.