गडाच्या पायऱ्या कोणी बांधल्या?



चैत्र जवळ आला की नवागामच्या आपल्या गल्ल्यांत एकच प्रश्न असतो, "गडावर कधी निघायचं?" गड म्हणजे वणीचा सप्तशृंग गड, हे खान्देशी घरात सांगावं लागत नाही. कोणी गाडीने जातं, कोणी झेंडा घेऊन पायी. खान्देश हे देवीचं माहेर, म्हणून चैत्रात माहेरची माणसं लेकीला भेटायला जातात, असं आपण लहानपणापासून ऐकलं.

माझी माय दरवर्षी म्हणायची, "भाऊ, औंदा माले गडवर ली चाल." मी बँकेत. मार्चअखेरचं क्लोजिंग आणि चैत्राची यात्रा पाठोपाठ यायची. "माय, ताळेबंद जुळला की जाऊ," असं म्हणण्यात नोकरी संपली. निवृत्त झाल्यावर नेलं, तेव्हा तिचे गुडघे संपले होते. ट्रॉली तेव्हा नव्हती. पन्नासेक पायऱ्या चढून ती बसली. पायरीवरच डोकं टेकवलं आणि म्हणाली, "ह्या पायऱ्या कोनी बांध्यात रे भाऊ?" मला सांगता आलं नाही. पुढच्या चैत्राला माय नव्हती.

नंतर वाचत गेलो. मंदिराकडे जाणाऱ्या पावणेपाचशेच्या आसपास पायऱ्या बांधवल्या उमाबाई दाभाडे यांनी, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी. उमाबाई अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक. नांदुरीहून कळवणकडे निघालं की अभोणा लागतं. म्हणजे गड तिच्या माहेरच्या अंगणातलाच.

लग्न झालं तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांशी. शाहू महाराजांनी 1717 मध्ये खंडेरावांना सेनापती केलं. गुजरातची मोहीम दाभाड्यांकडे होती. त्यांचेच सरदार पिलाजी गायकवाड यांनी सोनगडला ठाणं केलं. आपण उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसलो की उकाई-सोनगड स्टेशन येतं ना, तेच सोनगड.

1729 मध्ये खंडेराव वारले आणि सेनापतिपद मुलाकडे, त्र्यंबकरावांकडे आलं. गुजरातच्या चौथाईवरून त्यांचं आणि बाजीराव पेशव्यांचं बिनसलं. 1 एप्रिल 1731 रोजी डभोईजवळ मराठे मराठ्यांशी लढले आणि त्र्यंबकराव मारले गेले. 1 एप्रिल ही तारीख आम्हा बँकवाल्यांना वार्षिक क्लोजिंगच्या सुट्टीची म्हणून पाठ. आता त्या दिवशी मला आधी ही आई आठवते.

ती रडत बसली नाही. शाहू महाराजांनी मध्ये पडून समजूत घातली. सेनापतिपद लहानग्या यशवंतरावांच्या नावे झालं, पण कारभार उमाबाईंनी पाहिला. 1732 मध्ये पिलाजींचा डाकोरला खून झाला, तेव्हा फौज घेऊन त्या स्वतः अहमदाबादवर चालून गेल्या. 1753 मध्ये त्या गेल्या. त्यांची समाधी तळेगाव दाभाडे येथे आहे.

आपण गुजरातेत पोटासाठी आलो. कोणी मिलमध्ये, कोणी लूमवर, माझ्यासारखा कोणी टेबलावर. उमाबाईंचा नवरा याच गुजरातच्या मोहिमांत राबला, मुलगा याच मातीत पडला. आणि माहेरच्या डोंगरावर, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय सोपे व्हावेत म्हणून, तिने दगड बसवून ठेवले. त्यावरून माझ्या मायसारख्या किती बाया चढल्या असतील, याचा हिशोब कोणत्या खात्यात मांडणार?

2018 पासून ट्रॉली झाली. गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल ट्रॉलीने जावं, मीही जातो. 2022 मध्ये मूर्तीवरचा हजार किलोहून अधिक शेंदूर उतरवला आणि अठरा हातांचं मूळ रूप दिसू लागलं. समोरच्या मार्कंडेय ऋषींच्या डोंगराकडे कान देणारी देवीची किंचित झुकलेली मान पाहिली, तेव्हा वाटलं, ही लेक अजून कोणाचं तरी ऐकते आहे. माय असती तर तिला दाखवलं असतं.

एक विनंती. यंदा नातवंडांना नेलंत, तर निदान दहा पायऱ्या पायी चढवा. आणि विचारण्याआधीच सांगा, ह्या अभोण्याच्या उमाबाईने बांधल्या. मी मायला वेळेवर सांगू शकलो नाही.

आणि घरातलं म्हातारं माणूस "गडवर ली चाल" म्हणत असेल, तर क्लोजिंगची वाट पाहू नका.

जय सप्तशृंगी.